अतिविचारावर पहिल्या पावलाचा उतारा: एका मार्गदर्शक ॲपचे परीक्षण

वर्षानुवर्षे मनात घोळत राहिलेल्या वैयक्तिक उद्दिष्टांना प्रत्यक्ष हात घालायला लावणे, एवढाच दावा करणारी एक ॲप-सेवा गेले काही महिने मी नियमितपणे वापरत आहे. तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. याच धाटणीच्या अनेक सेवा आज उपलब्ध आहेत, त्यांची रचना जवळपास सारखी आहे, आणि इतर दोन सेवा चाळून पाहिल्यावर खाली नोंदवलेले गुणदोष त्यांनाही कमी-अधिक प्रमाणात लागू पडतात असे माझे मत झाले आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकलेला बरा. विचारात अडकलेल्या माणसाला जागेवरून हलवण्याचे काम ही सेवा उत्तम करते. मात्र हललेला माणूस खरोखर पुढे सरकला की जागच्या जागीच फिरत राहिला, हे तिला कळत नाही, आणि ते कळावे यासाठी तिच्या निर्मात्यांनी फारसे काही केलेलेही नाही.

ॲप उघडल्यावर जवळजवळ रिकामा पडदा दिसतो. वर 'काय करायचे राहून गेले आहे?' एवढाच प्रश्न असतो आणि त्याखाली जेमतेम दोन ओळी मावतील अशी चौकट. तेथे उद्दिष्ट लिहिले की दुसरा प्रश्न येतो: येत्या दहा मिनिटांत, आता हाताशी असलेल्या साधनांनिशी, प्रत्यक्ष करता येईल असे काय आहे? या दुसऱ्या चौकटीवर मात्र पहारा आहे. ठरवणे, विचार करणे, माहिती काढणे, तुलना करणे, नियोजन करणे अशा अर्थाची क्रियापदे वापरली तर उत्तर स्वीकारले जात नाही. 'ही कृती करताना तुम्ही दुसऱ्या कोणाला दिसाल का?' असा प्रतिप्रश्न येतो आणि चौकट पुन्हा कोरी होते.

स्केचिंग शिकणे हे मी निवडलेले पहिले उद्दिष्ट होते. त्यासाठी सुचलेले 'कोणता कागद घ्यावा ते पाहणे' हे पाऊल नाकारले गेले. 'चांगला ऑनलाइन वर्ग शोधणे' हेही नाकारले गेले. 'रोज किती वेळ देता येईल ते ठरवणे' याचीही तीच गत झाली. अखेर 'टेबलावर पडलेल्या चष्म्याच्या घराची बाह्यरेषा वहीच्या मागच्या पानावर पेनने काढणे' हे उत्तर स्वीकारले गेले आणि लगेच पाच मिनिटांचे घड्याळ सुरू झाले. नकारांची ही मालिका काहीशी चिडवणारी आहे हे खरे, परंतु संपूर्ण सेवेतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग तोच आहे असे मला वाटते. अतिविचार करणाऱ्या माणसाच्या मनात पहिले पाऊल म्हणून जे काही येते, ते बहुतेक वेळा आणखी थोडा विचारच असतो, हे ही चौकट ओळखून आहे. (ही गाळणी केवळ इंग्रजीपुरती चालते, ही त्यातली मेख. उत्तर मराठीत लिहिले की 'ठरवणे' बिनदिक्कत आत शिरते, आणि मग पहारा ज्याचा त्यानेच द्यावा लागतो.)

हा आग्रह निव्वळ हेकेखोरपणा नाही. त्याला मानसशास्त्राचा चांगला आधार आहे. ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत असे आढळले होते की अपुरी राहिलेली उद्दिष्टे माणसाच्या मनात दुसरेच काही वाचत असतानाही डोकावत राहतात आणि हातातल्या कामात व्यत्यय आणतात. परंतु त्या उद्दिष्टासाठी नेमकी योजना आखू दिली, की उद्दिष्ट पूर्ण झालेले नसतानाही तो व्यत्यय नाहीसा होतो. मन अपुऱ्या कामाची आठवण करून देण्याचे तेव्हा थांबवते, जेव्हा ते काम कधी आणि कसे होणार याची सोय लागलेली असते. सेवेतील 'जेव्हा आणि तेव्हा' नावाचा पडदा याच तत्त्वावर उभा आहे. 'जेव्हा संगणक बंद करेन, तेव्हा वही उघडेन' अशा जोडवाक्यात पुढचे पाऊल बांधून ठेवावे, अशी तेथे अपेक्षा आहे. पीटर गोलविट्झर यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मांडलेली ही पद्धत आता चांगलीच तपासली गेली आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा जोडवाक्यांचा उद्दिष्टपूर्तीवर होणारा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रमाणाचा असल्याचे दिसून आले. नुसता मनोदय आणि प्रत्यक्ष कृती यांच्यात जे अंतर असते, ते भरून काढणारी इतकी स्वस्त युक्ती क्वचितच सापडते. त्यामुळे हा पडदा मुख्य यादीत न ठेवता 'अधिक' या विभागात दडवून ठेवण्यामागचे कारण मला उमगले नाही.

येथपर्यंत सेवेविषयी कौतुकाचेच बोल आहेत, आणि ते मागे घेण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती पाऊल लहान केले की ते आपोआप योग्यही होते, या तिच्या गृहीतकापाशी.

माझे दुसरे उद्दिष्ट होते, बऱ्याच काळापासून बोलणे थांबलेल्या एका जुन्या मित्राला पत्र लिहिणे. या उद्दिष्टाखाली ॲपने स्वीकारलेली पावले अशी होती: पत्रासाठी नवी फाइल उघडणे, फाइलला नाव देणे, मायना लिहिणे, पहिल्या परिच्छेदातील दोन वाक्ये बदलणे, मायना पुन्हा लिहिणे. यातील प्रत्येक कृती दिसणारी होती, दहा मिनिटांत होणारी होती, आणि प्रत्येकीपुढे हिरवी खूण उमटत गेली. प्रगतीचा आलेख चढत होता, अभिनंदनाचे संदेश येत होते, आणि पत्र होते तेथेच होते. मनातल्या मनात चालणारी घालमेल आता फाइलमध्ये चालू होती, एवढाच काय तो फरक. सेवेच्या दृष्टीने मात्र हे उद्दिष्ट माझ्या यादीतील सर्वांत 'सक्रिय' उद्दिष्ट ठरले होते.

उलट स्केचिंगच्या बाबतीत पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी हाती लागले. चष्म्याच्या घराची कड काढताना पेन कागदावर फार दाबले जाते, गोलाई असलेली बाजू डोळ्यांना एक दिसते आणि हात दुसरीच काढतो, आणि वस्तूऐवजी कागदाकडेच जास्त वेळ पाहिले जाते, या तीन गोष्टी त्या मागच्या पानाने सांगितल्या. कागदांची आणि पेन्सिलींची कितीही तुलना केली असती, तरी त्या कळल्या नसत्या. पुढचे पाऊल काय असावे हे ठरवण्याची मग गरजच उरली नाही. हात हलका ठेवून तीच वस्तू पुन्हा काढायची, हे उघड होते.

दोन्ही ठिकाणी पावले सारखीच लहान होती. फरक असा की एका ठिकाणी पावलाला बाहेरून उत्तर आले आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तर येण्याची सोयच नव्हती. अतिविचार हा मुळात माहितीच्या अभावी होतो असे नाही. जी माहिती केवळ कृतीतूनच मिळू शकते, ती विचारातून काढण्याचा तो प्रयत्न असतो. असे असेल तर पहिल्या पावलाची खरी कसोटी ते किती लहान आहे ही नसून, ते उचलल्यावर आपल्याला आधी ठाऊक नसलेली एखादी तरी गोष्ट कळते का, ही असायला हवी. संघटनशास्त्राचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९८४ मध्ये लहान यशांविषयी लिहिलेल्या लेखात नेमका हाच मुद्दा आहे. त्यांच्या मते लहान यश हे छोट्या प्रयोगासारखे असते, आणि परिस्थिती ढवळली जाण्यापूर्वी अदृश्य असलेले अडथळे आणि आधार त्यातून दिसू लागतात. त्यांनी लहान यश म्हटले होते ते पूर्णत्वाला गेलेल्या, परिणाम दाखवणाऱ्या कृतीला. आजच्या ॲपनिर्मात्यांनी त्यातला 'लहान' तेवढा उचलला आणि 'परिणाम' सोडून दिला, असे म्हणावेसे वाटते.

सेवेत प्रत्येक पावलासोबत टिपण लिहिण्याची एक जागा आहे. तेथे मी 'यातून मला काय कळेल?' असा प्रश्न स्वतःहून लिहायला सुरुवात केली, आणि पत्राच्या यादीतील बहुतेक पावले त्या प्रश्नापुढे टिकली नाहीत. उरले ते एक पाऊल: 'तुझा पत्ता जुनाच आहे का?' एवढाच संदेश मित्राला पाठवणे. तो पाठवला, त्याचे उत्तर आले, आणि उत्तरातील आपुलकी पाहता मायन्यावर घातलेला सगळा वेळ अनाठायी होता हेही समजले. हा प्रश्न टिपणाच्या जागेत ठेवण्याऐवजी दुसऱ्या चौकटीतच विचारला गेला असता, तर या परीक्षणातील निम्मी टीका लिहावी लागली नसती.

पाच मिनिटांच्या घड्याळाविषयी थोडे. वेळ संपल्यावर पडद्यावर दोन बटणे येतात: 'थांबा' हे ठळक आणि मोठे, 'आणखी पाच मिनिटे' हे त्याखाली बारीक अक्षरांत. बहुतेक सेवा याच्या नेमके उलट करतात, कारण वापरकर्ता जितका अधिक वेळ गुंतून राहील तितके त्यांचे भले. येथे थांबण्याला दिलेला मान मला फार आवडला. अवघ्या पाच मिनिटांसाठी बसायचे आणि मग उठण्याची पूर्ण मुभा आहे, हा विश्वास बसला तरच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. 'पाच मिनिटे' म्हणून बोलावून तासभर अडकवले गेले, की तिसऱ्या दिवशी मन त्या बोलावण्यावर विश्वास ठेवत नाही. वर्तनाचे अभ्यासक बी. जे. फॉग यांच्या प्रतिमानानुसार कृती घडते ती इच्छा, क्षमता आणि इशारा हे तिन्ही एकाच क्षणी जुळून आले तर, आणि इच्छा डळमळीत असेल तेव्हा कृती सोपी करणे हाच भरवशाचा मार्ग असतो. घड्याळाचा हा भाग त्या विचाराला धरून आहे. तो कुठे कमी पडतो, तर पाऊल मोठे कधी करावे याबाबत. महिना उलटून गेला तरी सेवा पाच मिनिटांवरच समाधानी असते. ज्याला सुरुवात अवघड जाते त्याला ही मुभा हवीच. परंतु आरंभशूर माणसाच्या हाती ती लागली, तर नवनवी उद्दिष्टे उघडून प्रत्येकाला पाच मिनिटे देत राहण्याचा त्याचा उद्योग सुखेनैव चालू राहील, आणि ॲप त्याला शाबासकी देत राहील.

'चिंतेची वेळ' हा विभाग सेवेच्या जाहिरातीत फारसा दिसत नाही, पण माझ्या मते तो मुख्य भागाच्या तोडीचा आहे. दिवसातील अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. इतर वेळी मनात आलेली चिंता एका ओळीत नोंदवून हातातल्या कामाकडे परतायचे. आणि ठरलेल्या वेळी त्या सर्व नोंदी समोर घेऊन मनसोक्त चिंता करायची, अशी ही पद्धत आहे. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ती पुढे आली. 'विचार करू नकोस' असे सांगण्यापेक्षा 'नंतर कर' असे सांगणे मनाला सहज पटते, कारण त्यात काही हिरावून घेतले जात नाही. ॲपने त्यात स्वतःची एक चांगली भर घातली आहे. ठरलेल्या वेळी नोंदी उघडल्या, की प्रत्येक नोंदीपुढे 'अजून लागू आहे' आणि 'आता उरली नाही' असे दोन पर्याय असतात. सकाळी जीव खाणारी गोष्ट संध्याकाळी स्वतःच्याच हाताने 'आता उरली नाही' या रकान्यात टाकणे हा अनुभव घेण्यासारखा आहे. हा अर्धा तास झोपण्याच्या तोंडावर ठेवू नये, एवढी सूचना निर्मात्यांनी दिलेली आहे आणि ती पाळावी.

या विभागात एक गोष्ट मात्र खटकली. भविष्याविषयीची चिंता आणि भूतकाळाचे रवंथ यांत सेवा भेद करत नाही. 'मुलाखतीत काय विचारतील?' या नोंदीसाठी पहिले पाऊल सुचू शकते. 'त्या दिवशी मी तसे का बोललो?' या नोंदीसाठी ते तितक्या सहज सुचत नाही, आणि अर्ध्या तासाची राखीव वेळ तिला दिली तर जखमेवरची खपली पुन्हा निघण्याचीच शक्यता अधिक. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार खिन्न मनःस्थितीत तिची कारणे आणि परिणाम पुन्हा पुन्हा उगाळत बसल्याने ती खिन्नता लांबते, आणि त्यावर पुढे झालेल्या संशोधनातून या सवयीचा नैराश्याशी असलेला संबंधही स्पष्ट झाला. उगाळणाऱ्याला मात्र आपण काहीतरी उकलत आहोत असेच वाटत असते. अशा नोंदी वेगळ्या काढून त्यांच्यासाठी उठून चालणे, कोणाशी बोलणे किंवा लक्ष दुसरीकडे नेणारे काही काम करणे एवढे जरी सुचवले गेले असते, तरी ते अधिक सुज्ञपणाचे ठरले असते.

आता साखळीविषयी, म्हणजे सलग किती दिवस पाऊल उचलले याच्या मोजणीविषयी. सेवेतील सर्वांत भडक रंग याच मोजणीला मिळाला आहे. २१ दिवस पूर्ण झाले की पदक मिळते आणि 'सवय तयार झाली' असा संदेश येतो. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. या दोन्ही गोष्टींना आधार नाही. २१ दिवसांच्या समजाचा उगम साधारणपणे मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये नोंदवलेल्या एका निरीक्षणात सांगितला जातो, आणि ते निरीक्षण रुग्णांना बदललेल्या चेहऱ्यासारख्या गोष्टींची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात याविषयी होते. नवी कृती अंगवळणी पडण्याचा नीट अभ्यास फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांना घेऊन केला. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात कृती आपसूक होऊ लागण्याचा मध्यक ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्तिपरत्वे व कृतीपरत्वे तो कालावधी १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो असा अंदाज आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मध्ये एखादी संधी हुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय खंड पडत नाही, असेही त्यात दिसले.

म्हणजे शून्यावर येणारा आकडा वस्तुस्थितीच्या विरुद्ध आहे. पण माझी तक्रार केवळ अचूकतेची नाही. अतिविचार करणाऱ्या माणसाला ही मोजणी विशेष अपायकारक आहे, कारण तिच्यामुळे त्याला विचार करायला एक नवा विषय मिळतो. आजचे पाऊल धरले जाईल का, रात्री बारानंतर केले तर कोणत्या दिवशी मोजले जाईल, साखळी वाचवण्यासाठी एखादे नाममात्र पाऊल टाकले तर ती फसवणूक ठरेल का, असा काथ्याकूट सुरू होतो, आणि ज्या दुखण्यासाठी औषध घेतले त्याच दुखण्याला औषधातून खुराक मिळतो. सुदैवाने ही मोजणी बंद करता येते. 'दिसणे' या विभागाच्या तळाशी तसा पर्याय आहे. तो बंद केल्यावर ॲप कितीतरी शांत आणि उपयुक्त झाले.

तिसरे उद्दिष्ट होते नोकरी बदलावी की नाही हे ठरवणे, आणि येथे सेवेची मर्यादा उघडी पडली. 'मोठे निर्णय' या विभागाच्या सुरुवातीलाच अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्या नाणेफेकीच्या प्रयोगाचा दाखला दिलेला आहे. निर्णय होत नसलेल्या लोकांनी एका संकेतस्थळावर नाणे उडवले. ज्यांना नाण्याने बदल करण्याचा कौल दिला, त्यांनी बदल करण्याचे प्रमाण अधिक राहिले, आणि सहा महिन्यांनंतर ते यथास्थितीचा कौल मिळालेल्यांपेक्षा सरासरीने अधिक समाधानी आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास खरा आणि रंजक आहे, पण त्यातून 'शंका असेल तर बदलच करा' असा सल्ला काढणे घाईचे आहे. त्यात सहभागी झालेले लोक निर्णय नाण्यावर सोडायला तयार असणारे, म्हणजे दोन्ही पारडी जवळपास समान झालेले होते. ज्याच्या शंकेला ठोस कारण आहे, त्याला हा दाखला लागू पडतोच असे नाही. इतक्या सावधपणे घडवलेल्या सेवेने येथे मात्र अर्धीच गोष्ट सांगावी, याचे नवल वाटले.

काही गोष्टींना विचार लागतो, आणि भरपूर लागतो. मागे फिरता येत नाही अशा निर्णयांत विचार करणे हेच काम असते, आणि तेथे विचारार्थी क्रियापदांना बंदी घालणारी चौकट निरुपयोगीच नव्हे तर आडकाठी ठरते. परत फिरता येणारे आणि न येणारे असे निर्णयांचे साधे वर्गीकरण सुरुवातीला विचारले असते, तर हा गोंधळ टळला असता. मागे फिरता येत असेल तर पाऊल उचला. येत नसेल तर मागे फिरता येईल असे एखादे आधीचे पाऊल शोधा. राजीनामा देणे हे पहिले पाऊल होऊ शकत नाही. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाशी वीस मिनिटे बोलणे हे होऊ शकते, आणि ते बोलणे माझ्या कसोटीलाही उतरते, कारण त्यातून काहीतरी नवे निश्चितच कळते.

याच विभागातील 'निकष' नावाचा पडदा मात्र उत्तम आहे. पर्याय पाहण्यापूर्वी आपल्याला पुरेसे वाटतील असे तीन निकष लिहायचे आणि त्यांना कुलूप लावायचे. नंतर त्या तिन्ही निकषांत बसणारा पहिला पर्याय समोर आला की शोध थांबवायचा. सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेशा चांगल्यावर थांबण्याची ही कल्पना हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास मांडली होती, आणि शोधत राहण्याचा खर्च लक्षात घेतला तर ती आळशीपणाची नव्हे, शहाणपणाची आहे. कुलूप लावलेले निकष बदलायचे असतील तर ॲप एक दिवस थांबायला लावते. पर्याय दिसल्यावर त्याला साजेसे निकष बदलून घेण्याची मनाची खोड या एका दिवसाने बरीच आटोक्यात येते.

व्यवहाराच्या बाजूने सेवा मध्यम दर्जाची आहे. नोटिफिकेशन सुरुवातीला दिवसातून अनेकदा येतात आणि त्यांची भाषा लाडीगोडीची आहे; ती एकवर आणणे आवश्यक आहे. विनामूल्य आवृत्तीत घड्याळ, दोन्ही चौकटी आणि चिंतेची वेळ मिळते. निकष, आलेख आणि पदके यांसाठी वर्गणी भरावी लागते. दुसरी चौकट आणि तिचा पहारा हाच सेवेचा प्राण असल्याने बहुतेकांना विनामूल्य आवृत्ती पुरेल. वर्गणीचे नूतनीकरण आपोआप होते आणि ते थांबवण्याचा पर्याय तीन पडद्यांच्या आत लपवलेला आहे. ग्राहक-साहाय्याकडे त्याविषयी लिहिले असता, मी विचारलेला प्रश्न सोडून भलत्याच प्रश्नाचे साचेबद्ध उत्तर आले. विचारात अडकणाऱ्यांसाठीच असलेल्या सेवेने त्यांना बाहेर पडण्याबाबत विचारात पाडावे, हे काही शोभत नाही.

खासगीपणाचा मुद्दा याहून गंभीर आहे. चिंतेच्या नोंदींत माणूस आपल्या प्रकृतीविषयी, नात्यांविषयी, वरिष्ठांविषयी असे काही लिहितो, जे तो जवळच्यांनाही सांगत नाही. या नोंदी केवळ आपल्या फोनवर ठेवण्याचा पर्याय आहे, परंतु तो मुळात बंद असतो आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. खाते काढून टाकल्यावर त्या किती काळ तेथे राहतात याविषयी धोरणात मोघम वाक्य आहे. सेवा वापरायची ठरवल्यास हा पर्याय पहिली चिंता लिहिण्यापूर्वीच चालू करावा.

ही सेवा कोणासाठी आहे? ज्याला काय करायचे ते ठाऊक आहे, ज्याच्या मार्गात बाहेरचा मोठा अडथळा नाही, आणि तरीही जो तुलना, शंका आणि 'आधी हे तर पाहून घेऊ' यांच्या फेऱ्यात अडकला आहे, त्याला ती निश्चित उपयोगी पडेल. कौशल्य शिकणे, लेखन, व्यायाम, रेंगाळलेला पत्रव्यवहार, टाळलेली तपासणी अशा कामांत तिचा गुण लवकर येतो. ज्याचे घोडे वेळ, पैसा किंवा माणसांचे पाठबळ नसल्यामुळे अडले आहे, त्याला पाच मिनिटांचे घड्याळ देणे म्हणजे त्याच्या अडचणीची थट्टा होय. आणि ज्याचे विचार आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि रोजची कामे बिघडवत आहेत, त्याने ॲपकडे न वळता मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. ही सूचना सेवेच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत दिलेली आहे. ती पहिल्या पडद्यावर असायला हवी होती.

घेऊन पाहायचे असेल, तर माझी शिफारस अशी: विनामूल्य आवृत्ती घ्यावी, साखळीची मोजणी बंद करावी, नोंदी फोनवरच ठेवण्याचा पर्याय चालू करावा, नोटिफिकेशन दिवसातून एकच ठेवावे, आणि एका वेळी एकच उद्दिष्ट उघडावे, जरी ॲप तीन उघडण्याचा आग्रह करत असले तरी. प्रत्येक पावलाच्या टिपणात 'यातून मला काय कळेल?' हा प्रश्न स्वतः लिहावा, कारण तो विचारण्याची सोय ॲपने अजून केलेली नाही. ज्यांना फोनच नको आहे, त्यांनी वहीचे एक पान घेऊन वरच्या दोन चौकटी हाताने आखल्या आणि शेजारी साधे घड्याळ ठेवले, तरी सेवेतील जे घेण्याजोगे आहे त्यातील बराचसा भाग त्यांना मिळेल; मिळणार नाही तो फक्त निकषांना कुलूप लावणारा पडदा, आणि माझ्या मते वर्गणी भरण्याजोगी एवढी एकच गोष्ट या सेवेत आहे.